अंगणाला फाटक लावणाऱ्यांविषयी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई आमच्या दारात आल्या. दुपारचे बारा, डोक्यावर ओढणी, हातात वही. दरवर्षी या दिवसांत शिक्षक गावभर आणि पाड्यापाड्यांवर फिरतात आणि सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं कुठल्या घरात आहेत ते लिहून घेतात. आमच्या घरात एक होती. ती तेव्हा अंडं शोधायला खुराड्यात अर्धी शिरलेली होती. बाईंना तिचे फक्त पाय दिसले.

मी बाईंना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मग वीस मिनिटं भाषण दिलं. आम्ही होमस्कूलिंग करतोय. मूल घरात, परसात, स्वयंपाकघरात जास्त शिकतं. घंटा वाजली की गणित आणि परत वाजली की मराठी, असं डोकं चालत नाही. मी जॉन होल्टचं नावसुद्धा घेतलं, याची आता लाज वाटते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं बरोबर असेल. पण आमचा पट एकोणीस आहे. एक नाव द्या, वीस होतील."

त्यानंतर दीड महिना मी त्या वाक्याशी भांडत होतो. शेवटी हरलो, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला शेवटापर्यंत उत्कंठा नको. पण हरण्याची कारणं लिहून काढावीशी वाटतात, कारण माझ्यासारखे बरेच जण आहेत. पंचविशी-तिशीतले, लॅपटॉपवर कमावणारे, शहरातला फ्लॅट भाड्यानं देऊन किंवा सोडून गावाकडे आलेले, चार कोंबड्या आणि एक मूल घेऊन नवं आयुष्य मांडलेले. हा लेख त्यांच्याशी भांडण आहे. म्हणजे माझ्याशीच.

आधी 'वीस' या आकड्याचं सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यभर अशा १४ हजारांवर शाळा होत्या. विरोध झाला, विषय मागेपुढे होत राहिला. पण शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यातून हा आकडा जात नाही. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं. पद गेलं की उरलेला एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो. ते बघून आणखी दोन पालक मुलं काढतात आणि पट आणखी घसरतो. आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. कुणी काही मोडत नाही, नुसतं थोडं थोडं गळत राहतं आणि एक दिवस सगळं बसतं.

आता आमच्या स्वर्गाचं वर्णन. मी २९ वर्षांचा. जन्म बोईसरचा, इंजिनिअरिंग मुंबईत, नोकरी पुण्याच्या कंपनीत, आणि २०२० पासून काम घरून. २०२१ मध्ये ठाण्याचं भाड्याचं घर सोडून आम्ही आईबाबांच्या घरी आलो. बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत, सहा गुंठे. दोन चिकू, एक शेवगा, कढीपत्ता, विहीर आणि परसात खुराडं. सध्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. काही गावठी, काही गिरिराज. बायको ठाण्यात सॉफ्टवेअर टेस्टर होती. मुलीसाठी तिनं नोकरी सोडली. मी इन्स्टावर या सगळ्याचं खातं उघडलं आणि साडेसहा हजार फॉलोअर जमवले.

हे दिवस वाईट नव्हते, हे मान्य केलं पाहिजे. मुलीनं खुडूक कोंबडी बसवली. म्हणजे आईनं बसवली, मुलीनं कॅलेंडरवर एकवीस दिवस खोडले. एकविसाव्या दिवशी टरफलाला तडा गेला तेव्हा ती जशी श्वास रोखून बसली होती, तशी मी माझ्या सतरा वर्षांच्या शिक्षणात एकदाही बसलो नाही. भाकरीचं पीठ मळताना तिला अर्धं-पाव कळलं. बाजारात बोंबलाचे वाटे मोजताना ती बेरीज शिकली. २०२२ च्या उन्हाळ्यात मानमोडी आली, एका आठवड्यात सात कोंबड्या गेल्या. राणीखेतची लस वेळेवर द्यायला हवी होती, मी ती 'नॅचरल' पाळण्याच्या नादात दिली नव्हती. तिनं मान वाकडी करून गोल फिरणारी कोंबडी पाहिली आणि विचारलं, हिला काय हवंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईनं खड्डा खणला. मी त्या दिवशी रील टाकलं नाही, पण आठवड्यानं टाकलं. 'मृत्यूचा धडा' असं काहीतरी शीर्षक दिलं होतं. डिलीट केलंय.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे बाई येऊन गेल्यावर भावनेनं विचार करण्याआधी मी मोजमाप केलं. मे महिन्यातल्या एका आठवड्यात आमच्या 'होमस्कूल'साठी कोण किती तास देतं ते शीटमध्ये लिहिलं. मुलीला शिकवणं, तिच्यामागे असणं, कोंबड्या, स्वयंपाक, आवरणं असं सगळं धरलं. मी साडेपाच तास. बायको एकतीस. आई चव्वेचाळीस. शिवाय जवळच्या पाड्यावरून एक वारली बाई आठवड्यातून दोनदा खुराडं आणि परस साफ करायला येतात, त्यांचे सहा. म्हणजे त्यांनीही माझ्यापेक्षा अर्धा तास जास्तच दिला, आणि सगळ्यांत फक्त त्यांनाच त्याचे पैसे मिळतात.

शीट मी बायकोला दाखवली. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे मोजायला तुला चार वर्षं लागली?"

आपण याला 'घरचं शिक्षण', 'घरचं अन्न', 'घरची अंडी' म्हणतो. 'घरचं' हा शब्द फसवा आहे. घर काही करत नाही, करणारी बाई असते. पावसाच्या तोंडावर शेवळं आली की त्यांची भाजी हा आमच्याकडे सणच. शेवळं खाजरी असतात, नीट निवडून, चिरून, काकडं घालून शिजवावी लागतात, नाहीतर घसा धरतो. माझ्या त्या रीलला चाळीस हजार व्ह्यूज मिळाले. रीलमध्ये आईचे हात आहेत, चेहरा नाही. रील संपल्यावर ती तासभर हात चिंचेच्या पाण्यानं चोळत होती, ते कुठेच नाही. लोकांनी खाली लिहिलं, 'स्लो लिव्हिंग गोल्स'. जी बाई सकाळी साडेपाचला उठून रात्री दहाला टेकते, तिच्या आयुष्याला स्लो कोण म्हणेल?

आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक नाव फिरतं, मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीत शाळा सोडली, घरी शिकली, प्रोग्रामिंग ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ मध्ये थेट एमआयटीत गेली. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. खरी गोष्ट आहे आणि जबरदस्त आहे. पण फॉरवर्ड करताना आपण त्यातली एक ओळ गाळतो. तिच्या आईनं नोकरी सोडून घरी तिचा अभ्यासक्रम आखला होता. त्या गोष्टीत पडद्यामागे एक पूर्णवेळ शिक्षिका आहे, बिनपगारी. आणि एका अपवादावरून धोरण ठरवायचं असेल तर आपण सगळ्यांनी कॉलेज सोडून कंपन्या काढायला हव्यात.

बरं, श्रमाचा मुद्दा बाजूला ठेवू. समजा मी सुधारलो, निम्मं काम करायला लागलो. मग तरी?

मग विहिरीकडे येऊ. आमचं परस तारापूर एमआयडीसीपासून सरळ रेषेत चार किलोमीटरवर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर पहिलं आलं. १०० पैकी ९३.६९. शाळेत एवढे मार्क मला कधी मिळाले नाहीत. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडतात. मासळी कमी झाली म्हणून मांगेला समाजाची संघटना २०१६ मध्ये हरित लवादात गेली. आमच्या विहिरीचं पाणी आम्ही २००९ पासून पीत नाही. प्यायला टँकर किंवा जार. कोंबड्या मात्र तेच विहिरीचं पितात.

गंमत बघा. मी कॅप्शनमध्ये 'केमिकल-फ्री अंडी' लिहायचो. कोंबडी दिवसभर माती उकरते, किडे टिपते, तेच तिचं खाणं. मातीत जे असेल ते अंड्यात उतरू शकतं. सिडनीत २०२२ मध्ये परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांचा अभ्यास झाला. दुकानातल्या अंड्यांपेक्षा त्यांत सरासरी चाळीसपट शिसं निघालं. तिथे बंगल्यांच्या भिंतींचा जुना रंग आणि पेट्रोलमधलं शिसं मातीत साठलं होतं. इथे काय साठलंय? मी माझी अंडी तपासून घेतली नाहीत. सगळ्या गोष्टींचे युनिट टेस्ट लिहिणारा माणूस चार वर्षं मुलीला रोज अंडं देतो आणि ते एकदाही लॅबमध्ये पाठवत नाही. याचं कारण आळस नाही. मला उत्तर नको होतं.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. बाबांनी त्याच एमआयडीसीत रंग-रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. हे सहा गुंठे त्या पगारातून आले. माझी इंजिनिअरिंगची फी त्या पगारातून आली. त्यामुळे मी कारखान्यांकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही. एवढंच म्हणतो, की फाटक लावून हवा अडत नाही, पाणीही अडत नाही. स्वच्छ माती सहा गुंठ्यांपुरती मिळत नसते. मिळाली तर ती सगळ्या गावाला मिळते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तशी माझ्या अंड्याला शेणामातीची सुंदर टोपली दिली म्हणून तारापूर लांब जात नाही.

शिक्षणाचंही तसंच आहे, हे मला कोसबाडला कळलं. म्हणजे पुस्तकातून माहीत होतं, पण मे महिन्यात मुलीला घेऊन डहाणूला गेलो आणि तिथून कोसबाडच्या टेकडीवर. बोईसरपासून डहाणू लोकलनं हाकेच्या अंतरावर, तरी मी आधी कधी गेलो नव्हतो. आपल्या पालघर जिल्ह्यात (जिल्हा २०१४ चा, पण माती जुनी) बालशिक्षणाचं जे घडलं ते देशानं उचललं, आणि आम्ही इथली मुलं जॉन होल्टच्या पीडीएफ वाचत बसलो.

तर १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. त्याआधी त्या गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला होता, मुंबईत बालमंदिरं चालवून झाली होती. पण ती शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांसाठी होती. माँटेसोरीची साधनं महाग, लाकडी, परदेशी. बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि सोबत अनुताई वाघ आल्या. लहानपणीच विधवा झालेल्या, मग स्वतः शिकून शिक्षिका झालेल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. शाळा काढली, मुलं येईनात. आली तर अंघोळ नाही, अंगाला खरूज. मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी, नाहीतर गुरांमागे कुरणात.

आता इथे दोन रस्ते होते. 'यांना शिकायचंच नाही' म्हणून परत फिरायचं, किंवा शाळा उचलून मुलांकडे न्यायची. या बायकांनी शाळा उचलली. पाड्यातल्या कुणाच्या तरी अंगणात पोरं गोळा करायची, आधी नाक पुसायचं, अंघोळ घालायची, मग गाणी-गोष्टी. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच वर्ग, ती कुरणशाळा. खडे, बिया, पानं, शिंपले हीच साधनं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि आज देशभर खेड्यापाड्यांत अंगणवाडी हा शब्द आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण त्यांची खरी ओळख या एका शब्दात आहे.

माझी मुलगी खडे मांडून जे गणित करत होती आणि ज्याचे मी रील बनवत होतो, ते ऐंशी वर्षांपूर्वी माझ्याच जिल्ह्यात होऊन गेलं होतं. फरक एवढाच, की त्यांनी अंगणात गाव बोलावलं. मी अंगणाला फाटक लावलं, फाटकावर पाटी लावली आणि आत एकटी मुलगी ठेवली.

१९४५ चं आणखी एक. त्याच वर्षी याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली वेठीविरुद्ध उठले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेबरोबर. तोवर सावकाराच्या घरी, शेतावर फुकट राबणं हा रिवाज होता, त्यात पोरंही आली. ती पोरंही 'करून शिकत' होतीच की. गुरं, लाकूड, गवत, स्वयंपाक, सगळी लाइफ स्किल्स. शाळेच्या चार भिंती म्हणजे तुरुंग, असं आपण इलिच वाचून म्हणतो. ज्याच्या आजोबांना त्या भिंतींच्या आत कधी घेतलंच नाही, त्याला त्या भिंती काय वाटत असतील, हे इलिचपेक्षा त्याला विचारलेलं बरं.

आणि लांब कशाला जायचं. मार्च २०२० ते २०२१ च्या अखेरपर्यंत पालघर जिल्ह्यातल्या हजारो लहान मुलांचं सक्तीचं होमस्कूलिंग झालं. प्राथमिक शाळा बंद, अभ्यास मोबाइलवर. मोबाइल बापाकडे, बाप कामावर, पाड्यावर रेंज नाही. किती पोरं आईबापाबरोबर वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. आमच्या परसात काम करणाऱ्या बाईंचा नातू तेव्हा दुसरीत होता. चौथीत आला तेव्हा त्याला जोडाक्षर वाचता येत नव्हतं. त्या दोन वर्षांत मी घरून काम करत पगारवाढ घेतली आणि माझ्या लेकीसाठी लाकडी ठोकळे ऑनलाइन मागवले. घरी राहून शिकणं कुणाला फळतं, याचा प्रयोग झालेला आहे. निकालही लागलेला आहे.

एक शब्द मला आता सारखा टोचतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १० सांगतं, की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. न घातल्यास शिक्षा मात्र नाही. या फटीत आपण मजेत राहतो. पण सर्वेक्षणाच्या वहीत वीटभट्टीवर गेलेल्या मुलासाठी शब्द आहे 'शाळाबाह्य'. माझ्या मुलीसाठी मी वापरत होतो 'होमस्कूलर'. दोघंही शाळेत नाहीत. एकाच्या बापाला समजावायला माणसं जातात, दुसऱ्याच्या बापाला पॉडकास्टवर बोलावतात.

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझाच होता. शाळा वाईट आहेत. हो, आहेत. मला चौथीत एका सरांनी डाव्या हातानं लिहितो म्हणून पट्टीनं मारलं. आजही मी उजव्या हातानं लिहितो आणि डाव्या हातानं जेवतो, आणि प्रत्येक लग्नात कुणीतरी टोकतं. दहावीपर्यंत एकही प्रयोग हातानं केला नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं म्हणजे झेरॉक्सच्या नोट्स. माझ्या मुलीच्या वाट्याला हे येऊ नये, ही इच्छा खोटी नाही. पण मला हे जाणवलं, की वाईट शाळेवर माझं उत्तर 'मी बाहेर पडतो' हे होतं, आणि माझ्यासारख्या प्रत्येकाचं तेच आहे. आधी पैसेवाले गेले पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाला. मग ज्यांना ते परवडत नव्हतं तेही कर्ज काढून गेले. आता विचार करणारे जातायत होमस्कूलला. शाळेत राहिलं कोण? ज्याला बाहेर पडायला दारच नाही तो. तक्रार करता येणारे सगळे निघून गेल्यावर शाळा सुधारायला सांगणार कोण? २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर टीव्हीवर रोज कुस्ती चालू होती. तिथे ओरडणाऱ्यांतले किती जण जिल्हा परिषद शाळेच्या पालकसभेला बसतात, ते मोजायला शीट लागणार नाही.

कायद्यानं दर शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात तीनचतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. कागदावर हे भारी आहे. आमच्या गावात त्या समितीवर कोण आहे हे मला ठाऊक नव्हतं. विचारल्यावर कळलं, की आमच्याकडे खुराडं साफ करणाऱ्या बाईंची सून आहे. तिला सभेच्या दिवशी मजुरी बुडवून जावं लागतं. मी लोकशाहीवर थ्रेड लिहितो आणि ती मजुरी बुडवते.

आणि अंड्यांचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे वेगळे पैसे बंद केले. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं. ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याची बालमृत्यूची बातमी १९९२ च्या वावर-वांगणीपासून फिरून फिरून येते, तिथे मुलाच्या ताटातलं आठवड्याचं एक अंडं परवडत नाही. मला हे कधी कळलं? जूनमध्ये. माझ्या घरी रोज सात-आठ अंडी निघत असताना, आणि त्यातली उरलेली मी 'फार्म फ्रेश' म्हणून ठाण्याच्या मित्रांना वीस रुपयांना एक अशी विकत असताना. माझं मूल त्या शाळेत असतं तर जानेवारीतच कळलं असतं. ताट रिकामं झालं की ते मुलाच्या बापाला पहिल्यांदा कळतं. आणि तो बाप इंग्रजीत मेल लिहू शकणारा असला, माहिती अधिकाराचा अर्ज करू शकणारा असला, तर फरक पडतो. हे कटू आहे, असं असायला नको, पण आहे.

आता बायकोची बाजू. ती माझ्यासारखी पलटलेली नाही आणि तिचं म्हणणं इथे न लिहिणं म्हणजे परत तिचे हात दाखवून चेहरा कापण्यासारखं होईल. ती म्हणाली, "तुला आधी ती रीलसाठी हवी होती, आता पट भरायला हवी आहे. पोरीला तू सारखा कशासाठी तरी वापरतोस." ती असंही म्हणाली, की एकतीस तास तिचे होते, त्यामुळे ते थांबवायचा निर्णयही माझा एकट्याचा नाही. आणि तिसरं म्हणजे, त्या शाळेत दोन शिक्षकांवर चार वर्ग आहेत, मुलीचा हात कुणी बदलायला लावला तर तू काय करणार, सभेत ठराव मांडणार?

पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. दुसरा बरोबर आहे. तिसऱ्यावर आम्ही दोघं मे अखेरीस शाळेत जाऊन बसलो. भिंतीवर मुलांनी काढलेली वारली चित्रं होती. चौथीतला एक मुलगा पहिलीतल्या मुलीला गजगे मांडून शंभरपर्यंत शिकवत होता. शौचालयाचं दार मोडलेलं होतं, पंखा एक. बायकोनं बाईंना डाव्या हाताचं विचारलं. बाईंनी स्वतःचा डावा हात वर केला. हा काही पुरावा नाही, मला माहीत आहे. पण परत येताना बायको म्हणाली, एक वर्ष. एक वर्षानंतर ठरवू, आणि तेव्हा शीट मी बनवणार.

१६ जूनला शाळा उघडली. मुलीला नवं दप्तर दिलं. मधल्या सुट्टीत घरी येऊन अंडी काढता येतील का, एवढीच तिची अडचण होती. जवळ आहे, येता येतं. अंडी आम्ही आता विकत नाही आणि शाळेतही देत नाही. आधी माती आणि अंडी लॅबला पाठवायची, मग बघू. तोवर शाळेतल्या एकोणीस-वीस पोरांची आठवड्याची अंडी बोईसरच्या दुकानातून आणायची, खर्च समितीत वाटून घ्यायचा आणि वरती पत्रही लिहीत राहायचं, म्हणजे लोकसहभाग झाला म्हणून सरकार सुटलं असं होणार नाही. आईनं स्वयंपाकाच्या दोन पाळ्या माझ्याकडे दिल्यात. माझी भाकरी फुटते. बाबा मुकाट्यानं खातात.

एक गोष्ट राहिली. परवा बाईंचा फोन आला. दुसरीतला एक मुलगा आईबापाबरोबर वापीला गेला, त्यांना तिथे काम मिळालं. नाव कमी झालं. म्हणजे आमची धरूनही पट एकोणीसच.

गावात अजून चार घरं आहेत जिथे सहा वर्षांचं मूल आहे. दोन घरांत इंग्रजी माध्यमाची फी भरून झालीय, एका घरात अजून ठरत नाही, आणि एक घर आमच्यासारखंच, पुण्याहून आलेलं, त्यांनीही कोंबड्या घेतल्यात. रविवारी बाई आणि मी त्या चार घरी जाणार आहोत. बायको म्हणाली, मीही येते. बोलायचं मात्र आम्ही दोघींनी, तू गप्प बस.